रविवारचा पंचनामा

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, आणि या एकतीस वर्षांत सिनेमावरून झालेल्या एकाही वादात मुकुंद खैरनारला बायकोला हरवता आलं नव्हतं. बाहेर त्याला कुणी कमी लेखत नव्हतं. पाटबंधारे खात्यात तो आरेखक होता आणि त्याच्या नकाशांवर साहेबलोक डोळे मिटून सह्या करत. पण रविवारी दुपारी स्वतःच्या घरातल्या सोफ्यावर त्याची दर आठवड्याला फजिती व्हायची.

खैरनारांच्या घरची एक रीत होती. सिनेमा संपला की त्याबद्दल लगेच चकार शब्द काढायचा नाही. आधी चहा टाकायचा, कप हातात यायचे आणि मग बसायचा पंचनामा. हे नाव ज्योत्स्नाने ठेवलेलं. कोण काय बोललं, का बोललं, शेवट पटला की ओढूनताणून आणला, नटी खरंच रडली की नुसतंच नाक ओढत होती, सगळ्याची चिरफाड व्हायची. नियम दोनच होते. मागे फिरवून बघायचं नाही, नेटवर शोधायचं नाही. डोक्यात जे राहिलं तेवढ्यावर भांडायचं, बाकी सगळी लबाडी. आणि जो हरेल त्याने तोंडाने म्हणायचं, ‘माझं चुकलं.’ नव्या नवलाईत हे लाडाचं होतं. पुढे पुढे हे दोन शब्द उच्चारताना मुकुंदाला दात खावेसे वाटायला लागले, कारण पाळी कायम त्याचीच.

ज्योत्स्नाची स्मरणशक्ती म्हणजे विचारूच नका. नाशिकला इंदिरानगरात तिचं स्वतःचं मेडिकल होतं. कुठल्या आजोबांना कोणती गोळी सोसत नाही हे त्यांच्या सुनेला माहीत नसायचं, ज्योत्स्नाला माहीत असायचं. सिनेमाचंही तेच. मुकुंद म्हणायचा, बापाने पोरीला घराबाहेर काढलं. ती म्हणायची, नाही हो, बापाने नुसतं दार उघडलं आणि बाजूला झाला, पोरगी आपणहून गेली, बापाच्या उजव्या हातात किल्ली होती. तिने असं म्हटलं की मुकुंदाला तो हात, ती किल्ली लख्ख आठवायची. मग काय, माझं चुकलं. जिंकल्याबद्दल ती कधी टेंभा मिरवायची नाही, लगेच पुढच्या मुद्द्यावर जायची. त्याला तेच जास्त झोंबायचं.

त्यांची लेक गार्गी हैदराबादला असते. लग्नाच्या वाढदिवसाला तिने आईबाबांसाठी नवा टीव्ही पाठवला. बाजारात नुकताच आला होता, नाशकात मोजक्याच घरी असेल. लोक त्याला दुपदरी टीव्ही म्हणत.

त्याची करामत समजायला अवघड नाही. साध्या पडद्याचा प्रत्येक ठिपका सगळ्या बाजूंना सारखाच उजेड फेकतो, म्हणून खोलीत कुठेही बसा, चित्र एकच. या पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यावर केसाहून बारीक भिंग होतं आणि ते वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा उजेड पाठवायचं. वरच्या कॅमेऱ्याला कोण कुठे बसलंय ते कळायचं आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांशी ज्याचं त्याचं चित्र पोचायचं. आवाजही तसाच. माणसाला ऐकू न येणाऱ्या लहरींवर बसून तो बारीक झोताने यायचा आणि थेट त्या माणसाच्या कानाशीच ऐकू यायचा. शेजारच्याला त्याचा पत्ताही लागायचा नाही. नवऱ्याने क्रिकेट बघावं, बायकोने मालिका, एकाच सोफ्यावर मांडीला मांडी लावून. घरोघरची रिमोटची मारामारी मिटावी असा उद्देश होता.

ज्योत्स्नाला हे मुळीच पटलं नाही. शेजारी बसून वेगवेगळंच बघायचं तर लग्न कशाला केलं, म्हणाली. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाला सांगून तिने दोन चॅनेलची सोय बंद करून घेतली. त्या माणसाने आणखी कसल्या कसल्या सोयी भराभर सांगितल्या, पडद्यावर लांबलचक करार आला, मुकुंदाने ‘मान्य’वर बोट ठेवलं. करार कोण वाचतं? तुम्ही वाचता?

पहिली ठिणगी तिसऱ्याच रविवारी पडली. एका म्हाताऱ्या नावाड्याची मालिका संपली होती. त्याचा मुलगा तुरुंगातून सुटून नदीकाठी येतो, तो शेवटचा भाग. चहा आला. मुकुंद म्हणाला, म्हातारा निष्ठुर निघाला, पोराला काठावर सोडून त्याने होडी हाकारली. ज्योत्स्ना हसली. म्हणाली, काहीतरीच काय, त्याने पोराला होडीत घेतलं, अंगावरचं घोंगडं काढून त्याला बसायला टाकलं. मुकुंद सवयीने थांबला. आता ते घोंगडं आपल्याला आठवेल आणि तोंडघशी पडावं लागेल, याची वाट बघत राहिला. पण घोंगडं काही आठवेना. त्याला रिकामी होडीच दिसत होती, आणि काठावर उभा राहिलेला पोरगा.

तो ठामपणे नाही म्हणाला. ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत नवरा खोटं बोलून जिंकायला बघत नाही एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा चेहरा हळूहळू उतरला. कारण तिला आई आठवली. सटाण्याला तिची आई शेवटची सहा वर्षं पोटच्या लेकीला ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ असं विचारायची. आणि त्याची सुरुवात अशीच झाली होती. शेजारणीला कालची मालिका सांगताना आईने भलताच शेवट सांगितला होता आणि सगळे हसले होते.

“माझं चुकलं,” ज्योत्स्ना म्हणाली.

मुकुंदाला वाईट वाटलं, ते खोटं नाही. पण त्या वाईटाच्या तळाशी काहीतरी गोड लागलं, तेही खोटं नाही. दुसरा चहा त्या दिवशी त्याने स्वतः केला आणि आत ओट्याशी तो शीळ घालत होता.

पुढच्या सहा रविवारांत ज्योत्स्ना चार वेळा चुकली. आता मुकुंदाला खरंच काळजी वाटायला लागली; एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. तो तिला डॉक्टर सबनिसांकडे घेऊन गेला. त्यांनी तिला घड्याळ काढायला लावलं, शब्द उलटे म्हणायला लावले, मेंदूचे फोटो काढले. सगळं उत्तम निघालं. डॉक्टर म्हणाले, आज काही नाही, पण आईचा इतिहास बघता लक्ष ठेवा. काही विसरल्या, काही चुकल्या तर मुकुंदरावांनी सांगत जावं, कारण स्वतःची चूक स्वतःला कळत नाही. त्यांनी हे भल्यासाठीच सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून घरात बरोबर काय आणि चूक काय, हे ठरवायचा अधिकार मुकुंदाकडे आला.

मग तो रविवार उजाडला. सिनेमा होता एका गांजलेल्या बाईचा. शेवटी ती नवऱ्यापुढे विष घातलेल्या दुधाचा पेला ठेवते. नेमक्या त्या वेळी मुकुंद चिवड्याची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून आला आणि ज्योत्स्नाच्या मागून तिच्या खांद्यावरून वाकून वाटी द्यायला लागला. त्याचा गाल तिच्या कानाला टेकत होता. पडद्यावरच्या बाईने पेला उचलला, मोरीपाशी गेली आणि दूध ओतून दिलं. पाण्याचा आवाज आला. मुकुंद सरळ उभा राहिला. पडद्यावर नवरा मिशी पुसत होता आणि पुढ्यात रिकामा पेला होता.

तो पुन्हा वाकला. बाई मोरीपाशी बसून रडत होती. तो पुन्हा सरळ झाला. नवरा छाती धरून खाली कोसळत होता. ज्योत्स्नाने विचारलं, असं काय करताय उठाबशा काढल्यासारखं? कंबर धरली म्हणाला, आणि तडक गॅलरीत जाऊन त्याने कंपनीला फोन लावला.

फोनवरच्या बाई अगदी नम्र होत्या. म्हणाल्या, सर, ही ‘आपला शेवट’ नावाची सोय आहे, टीव्ही बसवताना आपण ती मान्य केली आहे. त्यांनी ती समजावूनही सांगितली. हल्लीचे बरेच सिनेमे आणि मालिका लवचीक असतात. ठरावीक जागी दोन-तीन वेगवेगळे प्रसंग तयार ठेवलेले असतात. प्रेक्षक बघत असताना कॅमेरा त्याच्या बाहुल्या किती मोठ्या होतात ते टिपतो, पापण्या किती वेळा लवतात ते मोजतो, गालाच्या रंगात होणाऱ्या सूक्ष्म बदलावरून नाडीचे ठोके ओळखतो. कशाने हा माणूस गुंगतो हे यंत्राला कळत जातं आणि त्या त्या जागी यंत्र त्याला आवडेल तोच प्रसंग दाखवतं. तुमच्याकडे प्रेक्षक दोन आहेत, म्हणून सिनेमा एकच असला तरी शेवट दोन. चित्रं तुम्ही अगदी गालाला गाल लावलात तरच सरमिसळ होतात, कारण मग कॅमेऱ्याला ते एकच डोकं वाटतं.

म्हणजे ज्योत्स्नाला माफ करणारे शेवट आवडत होते आणि मुकुंदाला शिक्षा देणारे. यंत्राने दोघांना नीट ओळखलं होतं. बायको एकदाही चुकली नव्हती. तिने जे पाहिलं तेच ती शब्द न शब्द सांगत होती.

बाईंनी विचारलं, बंद करायचं असेल तर ‘सर्वांना एकच’ असं बटण आहे, आत्ता करून देऊ का? मुकुंद म्हणाला, नको, मी करतो.

करणारच होता तो. आत येऊन त्याने रिमोट हातात घेतलाही. तेवढ्यात ज्योत्स्ना चहाचे कप घेऊन आली, पण कप खाली ठेवेना. उभ्या उभ्याच तिने विचारलं, “अहो, तो दूध प्यायला की तिने ओतून दिलं? आधी तुम्ही सांगा.”

एकतीस वर्षांत तिने कधी ‘आधी तुम्ही सांगा’ म्हटलं नव्हतं. लहान मुलीसारखी ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. आणि मुकुंदाला काय वाटलं म्हणता? सुख वाटलं, सरळ सरळ सुख. आपल्या एका शब्दावर ही बाई उभी किंवा आडवी होणार, हे इतकं सुखाचं असेल अशी त्याला कल्पनाच नव्हती.

“प्यायला,” तो म्हणाला. “का? तुला काय दिसलं?”

तिने नुसती मान हलवली. मुकुंदाने मनाशी ठरवलं, हा एक रविवार जाऊ दे, पुढच्या रविवारी सांगू. माणसं स्वतःला अशीच मुदत देत जातात.

पुढचा रविवार आला आणि गेला. मुकुंद आता हुशार झाला होता. इतकी वर्षं पाळलेला नियम त्याने गुपचूप मोडला. नेटवर शोधून बाकीच्या जगाला कुठला शेवट दिसला ते तो बघून ठेवायला लागला. त्याच्यासारखा असला तरच चारचौघांत विषय काढायचा. गणपतीत घरी माणसं आली तेव्हा त्याने मुद्दाम ज्योत्स्नाला त्या नावाड्याच्या मालिकेचा शेवट सांगायला लावला. तिने नको नको म्हटलं, मग घोंगड्यापर्यंत सगळं सांगितलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, अगं बाई, तो तर पोराला टाकून जातो ना? मुकुंदाने फक्त पाहुण्यांकडे बघून ओठ किंचित दाबले आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवला. किती सांभाळतात हो, असं बायका आपसात कुजबुजल्या. ज्योत्स्ना मोदकांचं ताट घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

गणपती उठल्यावर एकदा सकाळी दूध तापवून मुकुंदच गॅस बंद करायचा विसरला होता. पातेलं काळंठिक्कर पडलं. ज्योत्स्ना देवपूजेतून धावत आली, पातेल्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. आपल्याच हातून झालं असं तिने धरलं. मुकुंदाने निमूटपणे पातेलं घासून ठेवलं. या शहाण्या गप्प बसण्याने तिचा उरलासुरला धीर गेला.

मेडिकलमध्ये मात्र तिच्या हातून आजवर एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. तरी ती आता प्रत्येक चिठ्ठी तीन-तीनदा वाचायला लागली. गिऱ्हाईक खोळंबायचं. दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी ती दुकानातून लवकर आली, पायसुद्धा न धुता मुकुंदासमोर बसली आणि म्हणाली, “खरं सांगा. मी दुकानात बसावं का?”

हा प्रश्न तिने उगीच विचारला नव्हता. ते दुकान तिने सासू-सासऱ्यांच्या नाकावर टिच्चून उभं केलं होतं, गार्गी पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत तिथे उभी राहिली होती. तिचं स्वतःचं असं जे काही होतं ते तेवढंच. मुकुंदाला हे सगळं माहीत होतं. एक बटण दाबायचं होतं. आणि एक गोष्ट कबूल करायची होती: मला तीन महिन्यांपासून माहीत आहे. ते तीन महिने आडवे आले. दोन दिवसांचं असतं तर सांगितलंही असतं. तीन महिन्यांचं कसं सांगणार?

“तुझ्या हातून कुणाचं काही बरंवाईट झालं तर?” तो म्हणाला.

ती रडली नाही. बरं झालं स्पष्ट बोललात, म्हणाली. महिनाभरात देवरे नावाच्या एका तरुण फार्मसिस्टने दुकान घेतलं. किल्ल्या घेताना त्याने विचारलं, काकू, एवढं चालतं दुकान, सोडताय का? ह्यांना विचारा, ती म्हणाली. मुकुंद तेव्हा शटरच्या कुलपाकडे बघत होता.

त्यानंतरचे रविवार भलतेच शांत गेले. ज्योत्स्ना शेजारी बसायची, चहा करायची. मुकुंद विचारायचा, कसा वाटला? ती म्हणायची, तुम्हाला कसा वाटला? तो म्हणायचा, रटाळ. ती म्हणायची, हो, रटाळच. एकदा त्याने मुद्दाम एका भिकार सिनेमाला झकास म्हणून बघितलं. हो, झकासच होता, म्हणाली. मुकुंदाला आता जिंकायला समोर कुणी उरलं नव्हतं. त्याला करमेना. बायकोवर जे काही ओढवलं होतं त्याचं त्याला वाईट वाटलं ते पहिल्यांदा या कारणाने वाटलं, की आपल्याशी भांडणारं माणूस घरातून गेलं. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द इथे वापरू नयेत.

पण मग एक दिवस आला. दुपारची वेळ, ती गवार निवडत बसली होती. मध्येच थांबून तिने विचारलं, “आई जाताना मला काय म्हणाली होती हो?”

मुकुंदाला कळेना. तो म्हणाला, मी तिथे कुठे होतो? तू एकटी होतीस तिच्याजवळ.

“हो, पण घरी आल्यावर मी तुम्हाला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटतं, ती मला नावाने हाक मारून ‘जेवलीस का’ म्हणाली. सहा वर्षांनी नाव घेतलं तिने माझं. पण आता मला वाटतं, तसं झालंच नसेल. मला बरं वाटावं म्हणून माझ्या डोक्यानेच रचलं असेल. तुम्ही सांगा ना, काय म्हणाली होती?”

मुकुंदाला आठवेना. त्या दिवशी तिने सांगितलं असेल, आणि त्याने पेपर वाचता वाचता हूं हूं केलं असेल. त्याने ते ऐकलंच नव्हतं. ही बाई स्वतःच्या आईचे शेवटचे शब्द खरे धरायला त्याची परवानगी मागत होती, आणि परवानगी द्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. भिंगं, कॅमेरा, दोन शेवट, दुधाचा पेला, गॅलरीतला फोन, नेटवर बघून ठेवणं, गणपतीतला तमाशा, दुकान, सगळं. काही लपवलं नाही. सांगताना त्याला हुंदका आवरेना. टीव्हीसोबत आलेलं पुस्तक आणून त्यातला बारीक मजकूर त्याने तिला दाखवला. तिने चष्मा लावून तो शांतपणे वाचला.

“असेलही अशी सोय,” ती म्हणाली. “पण गॅस? तो तर टीव्हीने चालू ठेवला नाही ना?”

“तो मी ठेवला होता. मी विसरलो होतो आणि तुला सांगितलं नाही.”

आणि इथेच सगळं फिसकटलं. ज्योत्स्नाने हातातली गवार बाजूला ठेवली. कित्येक महिन्यांत नव्हतं इतक्या मायेने तिने त्याच्याकडे बघितलं. पदराने त्याचे डोळे पुसले.

“आता तेही तुम्ही स्वतःवर घेणार?” ती म्हणाली. “पुरे हो. किती कराल माझ्यासाठी?”

मुकुंद ओरडलाच. अगं, खरं सांगतोय मी. ती समजूत काढत राहिली. म्हणाली, असे तुम्ही असता तर एकतीस वर्षांत मला कळलं नसतं का? इतकं वाईट कुणी वागतं का स्वतःच्या माणसाशी? डॉक्टरांनीच सांगितलं असेल तुम्हाला, तिचं मन सांभाळा म्हणून. तो जितकं जास्त कबूल करायचा तितका तिच्या नजरेत मोठा होत होता.

मग त्याने टीव्ही लावला. बटणाला त्याने अजून हात लावला नव्हता, सोय चालूच होती. आता हिला डोळ्यांनी दाखवतो, म्हणाला. एक लवचीक सिनेमा शोधून काढला, तिला तिच्या जागी बसवलं, आपल्या जागी बसला. शेवट जवळ आल्यावर तो उठून तिच्या मागे गेला, गालाला गाल लावला. एक म्हातारी रिकाम्या घराला कुलूप लावत होती. तो सरळ झाला. म्हातारी कुलूप लावत होती. तो वाकला. तेच कुलूप, तीच म्हातारी, कडीचा तोच आवाज. त्याने दुसरा सिनेमा लावला, मग तिसरा. दोन्ही बाजूंना एकच चित्र, आणि ते चित्र त्याच्याच आवडीचं. ज्योत्स्ना न कंटाळता बसून राहिली.

त्याने पुन्हा कंपनीला फोन केला. याही वेळी बाई नम्र होत्या. त्यांनी माहिती तपासून सांगितलं, सर, यंत्रात बिघाड नाही. तुमच्या घरातला दुसरा प्रेक्षक दसऱ्यापासून पडद्याकडे जवळजवळ बघतच नाही, त्यांची नजर पहिल्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर असते. पहिला हसला की अर्ध्या सेकंदाने त्या हसतात, पहिल्याची नाडी वाढली की त्यांचीही वाढते. दोघांचा प्रतिसाद असा एकसारखा आला की यंत्र त्यांना एकच प्रेक्षक धरतं आणि एकच शेवट दाखवतं. अशी जुळलेली जोडपी फार कमी असतात, सर. मुकुंदाने विचारलं, आधीचे, उन्हाळ्यापासूनचे, तिला दिसलेले शेवट परत दाखवता येतील? त्या म्हणाल्या, नाही, प्रत्येकाला काय दिसलं ते आम्ही साठवून ठेवत नाही.

संध्याकाळी गार्गीचा फोन आला. मुकुंद समोर बसला होता. ज्योत्स्नाचा आवाज कित्येक दिवसांनी मोकळा लागला होता. अगं, तुझ्या बाबांनी आज मला बरं वाटावं म्हणून काय कथा रचली ऐक, असं म्हणून तिने सांगायला सुरुवात केली. ठिपक्यांवरची भिंगं सांगितली. कानाशी येणारा आवाज सांगितला. चिवड्याची वाटी, मोरीत ओतलेलं दूध, नवऱ्याने पुसलेली मिशी, गॅलरीतला फोन, ‘नको, मी करतो’, दाबलेले ओठ, पाठीवर ठेवलेला हात, न विझवलेला गॅस. मुकुंदाने दुपारी रडत रडत, मागचं पुढे करत जे सांगितलं होतं ते तिने क्रमाने लावून, एक शब्दही न गाळता, त्याच्या हुंदक्यांच्या जागांसकट लेकीला सांगितलं. तिकडे गार्गी रडवेल्या आवाजात म्हणाली, आई, बाबांचं किती प्रेम आहे गं तुझ्यावर.

“आहेच मुळी,” ज्योत्स्ना म्हणाली. मग एकाएकी तिला शंका आली, आणि फोनवर हात ठेवून तिने मुकुंदाला हळूच विचारलं, “सगळं बरोबर सांगितलं ना हो मी? काही चुकलं तर नाही?”